ब्लॉकचेन हवी, पण सरकारला बांधणारी

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या दस्तनोंदणी नियमांवर निकाल दिला. विकणाऱ्याच्या नावे जमाबंदीची, म्हणजे महसुली दप्तरातली खातेदार म्हणून, नोंद नसेल तर खरेदीखत नोंदवायला नकार देण्याचा अधिकार बिहार सरकारने २०१९ साली दुय्यम निबंधकांना दिला होता. न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या राज्यात पुनर्मोजणीचे आणि फेरफाराचे, म्हणजे दप्तरात नवे नाव लावण्याचे, काम अजून पुरे व्हायचे आहे. सरकारने स्वतः तयार न केलेला कागद विकणाऱ्याकडे मागायचा आणि तो नाही म्हणून त्याचा व्यवहार अडवायचा, हे न्यायालयाला पटले नाही. त्याच निकालात, जमिनीच्या नोंदींसाठी ब्लॉकचेन वापरता येईल का याचा अभ्यास विधी आयोगाने करावा, असेही न्यायालयाने सांगितले.

चर्चा अर्थातच या दुसऱ्या भागाची झाली. जमिनीचे वाद संपणार, तलाठ्याच्या दारात उभे राहणे संपणार, असा सूर उमटला. मला वाटते, निकालाचे हे दोन भाग एकत्र वाचले पाहिजेत. नोंदी अपुऱ्या आहेत हे पहिला भाग सांगतो आणि त्या अढळ करता येतील का, हे दुसरा विचारतो. अपुरी नोंद अढळ झाली तर तिचा भार कोणावर पडेल, याची चर्चा मात्र फारशी कानावर येत नाही.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. सरकारी कामात त्याला एक मोलाची जागा आहे आणि ती आजवर रिकामी राहिली आहे, असे माझे ठाम मत आहे. पण ज्या जागेवर ते बसवायला सगळे निघाले आहेत ती जागा चुकीची आहे. ब्लॉकचेनने आधी सरकारी दप्तर हाताळणाऱ्यांना बांधावे. नागरिकाच्या नावापुढची नोंद त्यात गोठवण्याची घाई करू नये.

या तंत्राचा गाभा थोडक्यात सांगता येतो. कुठलाही दस्त, नकाशा किंवा छायाचित्र संगणकाला दिले की एका ठरलेल्या गणिताने त्याचा ६४ अक्षर-अंकांचा ठसा निघतो. त्याला हॅश म्हणतात. दस्तातला एक काना किंवा एक अनुस्वार बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. ठशावरून मूळ दस्त मात्र काढता येत नाही. आता जुन्या अडत दुकानातली कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आठवा. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागच्या पानाची बेरीज ओढून आणलेली असते, त्यामुळे चाळिसाव्या पानावर खाडाखोड केली की पुढची सगळी पाने चुकतात. ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे ठशांच्या या साखळीत, बेरजेच्या जागी मागच्या पानाचा ठसा ओढला जातो आणि अशा कीर्दीच्या प्रती एकमेकांच्या दाबाखाली नसलेल्या अनेकांकडे असतात. एकाने आपल्या प्रतीत काही बदलले की बाकीच्यांच्या प्रती त्याला खोटे पाडतात.

लिहिल्यानंतर दस्त बदलला का, एवढे या यंत्रणेला कळते आणि तेवढे ती चोख सांगते. लिहिताना ते खरे होते का, हे तिला कळायचा काही मार्गच नाही.

हा फरक महाराष्ट्राला नवा वाटायला नको. १८२८ च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या पुण्याच्या असिस्टंट कलेक्टरने दख्खनच्या जमिनींची मोठी पाहणी सुरू केली. त्या काळातले सर्वांत अद्ययावत अर्थशास्त्र त्याच्या हाताशी होते. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या ठरावीक भागाएवढा सारा बसवायचा, अशी ती पद्धत होती. कागदावर तिच्यात खोट नव्हती. मोजणी आणि प्रतवारी मात्र हाताखालच्या माणसांनी केली होती. क्षेत्रे चुकली होती, पैसे देणाऱ्याची काळी जमीन हलक्या प्रतीत गेली होती आणि न देणाऱ्याचा माळ चांगल्या प्रतीत. या आकड्यांवर बिनचूक गणित चालवून सारा बसला, तेव्हा शेतकऱ्यांना तो झेपेना. कितीतरी जणांनी जमिनी सोडल्या, काही तर निजामाच्या हद्दीत निघून गेले. ती पाहणी गुंडाळावी लागली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम सुरू केले. त्यांची पद्धत प्रिंगलइतकी शास्त्रशुद्ध नव्हती, ढोबळ आणि व्यवहारी होती. पण शेतात जाऊन केलेल्या मोजणीवर त्यांनी भर दिला आणि आजच्या आपल्या भूमापनाचा पाया तिथे घातला गेला. तेहतीस फुटी साखळीने मोजलेल्या त्या क्षेत्रांचा वारसा अजून आपल्या गट नकाशांत आहे.

प्रिंगलच्या हाती ब्लॉकचेन असती तर त्याचे चुकीचे आकडे कायमचे झाले असते.

आता आजच्या गावात या. वडील वारले. पाच एकर बागायत, दोन मुलगे आणि लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली एक मुलगी. मुलगे वारस नोंदीचा अर्ज देतात. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र. त्यात बहिणीचे नाव नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्याला त्याची आठवण ठेवायची नसते. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद धरली जाते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोटीस निघते आणि चावडीवर लागते. बहीण चाळीस किलोमीटरवर सासरी. नोटिशीवर तिचे नावच नाही, त्यामुळे तिला ती बजावण्याचा प्रश्नही येत नाही. पंधरा दिवस जातात, हरकत येत नाही, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर दोनच नावे चढतात. यात कोणीही खाडाखोड केली नाही. प्रत्येक पायरी नियमाने झाली. ब्लॉकचेन ही नोंद हिरिरीने जपेल, तिचा ठसा काढेल, दहा ठिकाणी ठेवेल, आणि दहा वर्षांनी बहीण प्रांताकडे अपिलात उभी राहील तेव्हा समोरचा वकील म्हणेल, ही नोंद एवढ्या वर्षांत अक्षरानेही बदललेली नाही.

दुसरा प्रकार त्याहून मोठ्या प्रमाणावर आहे. महाराष्ट्रात कितीतरी सातबाऱ्यांवर अजून आजोबा-पणजोबांची नावे आहेत. वारस नोंद झालीच नाही, म्हणून बँक पीककर्ज देत नाही, भूसंपादनाचा मोबदला अडकतो. २०२५ मध्ये राज्य सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली, ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठीच. तोंडी वाटप झालेले आहे आणि कागद एकत्र आहे, असे गट वेगळेच. नोटरीसमोर कागद करून गुंठ्या-दोन गुंठ्यांत घर बांधून राहिलेली कुटुंबे त्याहून वेगळी. तुकडेबंदी कायद्यामुळे त्यांचे खरेदीखतच झाले नव्हते. जमिनीवरची वहिवाट एकीकडे आणि दप्तर दुसरीकडे, असे हे राज्य आहे. सुमारे अडीच कोटी सातबारे आज या अवस्थेत साखळीत ओवले तर आपण त्यांचा मुक्काम तिथेच पक्का करू.

यावर ब्लॉकचेनचे जाणकार एक उत्तर देतात आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. जुनी नोंद पुसता येत नसली तरी दुरुस्तीची नवी नोंद पुढे जोडता येते. फेरफार नोंदवहीही तशीच चालते, जुन्यावर काट मारत नाही, पुढे नवी नोंद धरते. मान्य. पण माणसाची अडवणूक साखळीत होत नाही, ती काउंटरवर होते. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना किती क्षेत्रे आणि किती नावे चुकली, ती दुरुस्त करायला एडिट आणि री-एडिट अशी दोन-दोन मॉड्यूल का आणावी लागली, गावोगाव सातबारे लोकांसमोर वाचून दाखवणारे चावडी वाचन का घ्यावे लागले, हे ज्याने त्या काळात तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या त्याला विचारा. ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर त्याला पाठ आहे. चूक कार्यालयाची असली तरी ती खोटी ठरवण्याचे ओझे शेतकऱ्याने वाहिले. त्या उत्तरात उद्या ‘आता तर ब्लॉकचेन आहे’ एवढी भर पडायला वेळ लागणार नाही.

आपल्या कायद्याने नोंदीला जाणूनबुजून मऊ ठेवलेले आहे, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते, की फेरफार नोंद खरी मानावी, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही, तो महसूल कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यापुरता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. याउलट १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणलेल्या पद्धतीत सरकारी नोंद हीच मालकी. पण तिथे नोंद चुकून कोणाची जमीन गेली तर नुकसानभरपाई द्यायची जबाबदारीही सरकार घेते. कठोर नोंद आणि सरकारी हमी ही जोडी आहे. आपल्याकडे हमीचे नाव नाही आणि नोंद तेवढी कठोर करायची, हा सौदा नागरिकाच्या तोट्याचा आहे. ज्यांना ब्लॉकचेनवर अंतिम मालकी नोंदवायची आहे त्यांनी आधी सांगावे, की चुकलेल्या नोंदीची भरपाई कोणत्या लेखाशीर्षातून देणार.

मग या तंत्राची खरी जागा कुठे? ती कळण्यासाठी गोव्याकडे पाहावे लागते. २०२२ च्या जूनमध्ये गोवा सरकारने जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमले आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. पोर्तुगीज काळातले दस्त बनावट तयार करायचे, ते जुन्या दप्तरात घुसवायचे, मग त्याच दप्तरातून त्यांच्या प्रमाणित नकला मागायच्या आणि त्या जोरावर नाव चढवून जमीन विकायची, अशी ती रीत होती. निवड होई ती मूळ मालक वारलेला आहे किंवा कुटुंब परदेशी आहे अशा मिळकतींची. हा गुन्हा नीट पाहा. नक्कल खरी होती, शिक्का खरा होता, खोटे होते ते दप्तरात मागाहून शिरलेले पान.

या रोगावर ब्लॉकचेन रामबाण आहे, आणि त्यासाठी कोणाची मालकी ठरवायचीही गरज नाही. जुन्या वह्या आज जशा आहेत तशा पानापानाने स्कॅन करा, प्रत्येक पानाचा आणि संपूर्ण वहीचा ठसा काढा, ते ठसे जाहीर करा. पानात लिहिलेले खरे की खोटे, हे न्यायालय पाहील. पण २०२६ मध्ये या वहीत २१२ पाने होती आणि त्यांचा ठसा अमुक होता, हे एकदा जगाला माहीत झाले की २१३ वे पान उगवू शकत नाही. महाराष्ट्राने ई-अभिलेख प्रकल्पात जुने सातबारे, फेरफार, आठ-अ मोठ्या प्रमाणावर स्कॅन केलेलेच आहेत. ठसे काढायला आणखी वेगळी पाहणी लागत नाही. हे काम आजही सुरू करता येईल.

दुसरी जागा जिवंत कारभारात आहे. सरकारी कार्यालयात सामान्य माणसाची सर्वांत मोठी लढाई कशासाठी असते? पोहोचेसाठी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का मिळावा म्हणून माणूस तासभर उभा राहतो. टेबलामागचा माणूस सांगतो, ‘ठेवून जा, नंतर बघू.’ ठेवून गेलात की तुमचा अर्ज आला त्याचा पुरावाच नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, सेवेला मुदत आहे, मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण मुदतीचे घड्याळ सुरू होते परिपूर्ण अर्ज मिळाल्यावर. म्हणून मुदत संपत आली की अर्ज ‘त्रुटी’ दाखवून परत येतो. आज रहिवासाचा पुरावा अस्पष्ट, पुढच्या वेळी फोटोचा आकार चुकीचा. घड्याळ पुन्हा शून्यावर. नोंदीत सगळे वेळेत झालेले दिसते.

अर्ज दाखल होताच त्याचा ठसा, वेळेसकट, साखळीत गेला आणि त्याची पोहोच अर्जदाराच्या मोबाइलवर आली, प्रत्येक त्रुटी कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या मिनिटाला काढली तेही त्याच साखळीत गेले, तर हा खेळ उघडा पडेल. आधीच्या तपासणीत न दिसलेली त्रुटी तिसऱ्या वेळी कशी दिसली, याचे उत्तर अपिलात द्यावे लागेल. कोणाचा अर्ज आधी आला आणि कोणाचा आधी निघाला, हेही दिसेल. रांग मोडून पुढे गेलेली फाइल अंगावर तशी खूण घेऊन फिरेल. एका दाखल्यासाठी चार खेपा घालणाऱ्या माणसाला सातबारा अढळ होण्यापेक्षा हे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जमीन महसूल संहितेचे कलम १५५ लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे. नकलताना ‘पाटील’चे ‘पाटेल’ झाले, शून्य हेक्टर चाळीस आरचे चार आर झाले, तर अपिलाच्या फेऱ्यात न अडकता ते सुधारता यावे, हा त्याचा चांगला हेतू. पण याच कलमाच्या आडून मालकीच्या रकान्यातली नावे काढल्याच्या, वर्ग दोनच्या, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, जमिनीवरचे शेरे उडवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की या कलमाचा वापर कुठवर करावा हे शासनाला परिपत्रके काढून सांगावे लागले. हे आदेश तहसीलच्या फायलीत राहतात. ज्याचे नाव गेले त्याला ते कळते पीककर्जाच्या वेळी किंवा विकायला निघाल्यावर, कधीकधी काही वर्षांनी. मग तो आदेशाची नक्कल मागतो आणि फाइल सापडत नाही.

माझी मागणी अशी आहे. कलम १५५ खालचा प्रत्येक आदेश, तो कोणाच्या अर्जावरून झाला, नोटीस कोणाला दिली, जबाब कोणाचे घेतले, या सगळ्याचा ठसा आदेशाच्या दिवशीच साखळीत गेला पाहिजे. तसा ठसा नसलेला आदेश सातबाऱ्यावर अंमलात येऊच शकणार नाही, असा नियम हवा. त्या गटातल्या प्रत्येक खातेदाराला, वगळलेल्यालाही, संदेश गेला पाहिजे. यामुळे चुकीचा आदेश होणार नाही असे मी म्हणत नाही. पण तो मागच्या तारखेने करता येणार नाही, हरवता येणार नाही, आणि कोणाच्या सहीने झाला हे पुसता येणार नाही. वर सांगितलेल्या बहिणीलाही याचा थोडा आधार आहे. साखळी तिचे नाव लावणार नाही, पण ज्या प्रतिज्ञापत्राने ते गाळले ते कोणी, कोणत्या तारखेला केले, हा पुरावा तिच्यासाठी जपलेला राहील.

आता चाव्यांचा, म्हणजे प्रती कोणाच्या ताब्यात राहतील याचा, प्रश्न. प्रती अनेक स्वतंत्र हातांत असणे हा या तंत्राचा प्राण. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ नावाचा राष्ट्रीय ब्लॉकचेन तंत्रसंच सुरू केला. त्याची यंत्रणा भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या डेटा सेंटरांत आहे. देशी बनावटीची, सरकारी खात्यांना तयार मिळणारी ही सोय चांगली आहे, तिथे काम करणाऱ्यांचे कौतुकही आहे. पण तीन शहरांतल्या तीन प्रतींचा मालक एकच. एका वरिष्ठ आदेशाने तिन्ही प्रती एकत्र बदलता येत असतील तर आग किंवा पुरापासून संरक्षण झाले, माणसापासून झाले नाही. प्रती उच्च न्यायालयाकडे, महालेखापालांकडे, विद्यापीठांकडे, शेजारच्या राज्याकडेही असल्या पाहिजेत. सत्ताबदलानंतरही ज्यांचा धनी बदलत नाही, अशा संस्था त्यात हव्यात.

आणि त्याहून स्वस्त, सोपा उपाय कित्येक वर्षे वापरात आहे. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी दस्तांवर वेळेचा ठसा उमटवण्याची ठशांची साखळी मांडली. २००८ च्या बिटकॉइनच्या मूळ लेखात त्यांच्याच कामाचे दाखले आहेत. त्यांच्या शोधावर उभ्या राहिलेल्या कंपनीने १९९५ पासून सगळ्या दस्तांचा मिळून निघणारा एक ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्र लाखो घरांत आणि वाचनालयांत जाते. नंतर ठसा बदलायचा तर त्या दिवसाचे सगळे अंक गोळा करावे लागतील. एस्टोनियात गार्डटाइम कंपनीनेही असाच ठसा वर्तमानपत्रात छापला.

मराठी वृत्तपत्रांना हे परके नाही. जमीन घेण्याआधी वकिलाने दिलेली ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ ही जाहीर नोटीस आपल्या पेपरात रोज असते. त्याच पानावर जिल्ह्यातल्या दिवसभराच्या सर्व महसुली आदेशांचा मिळून एक ठसा, ६४ अक्षर-अंकांची एक ओळ, जिल्हाधिकाऱ्यांनी छापावी. खर्च किती, तर एका नोटिशीचा. तालुक्याच्या वाचनालयात तो अंक फाइलला लागला की वीस वर्षांनीही कोणताही वकील आपल्या हातातला आदेश त्या दिवशीचाच आहे का, हे ताडून पाहू शकेल. याला बिटकॉइनसारखे कूटचलन नको, वीज खाणारे मायनिंग नको. मंत्रालयात सादरीकरण करणाऱ्या कंपन्यांना यात मोठे कंत्राट दिसणार नाही, आणि म्हणूनच हा उपाय कोणी सुचवत नाही असे मला वाटते.

बाहेरच्या देशांचे दाखले नेहमी दिले जातात, त्यातले तीनच पुरेत. जॉर्जियाने २०१६ मध्ये बिटफ्युरी कंपनीबरोबर करार करून लाखो मिळकतींच्या नोंदींचे ठसे बिटकॉइनच्या साखळीत टाकले आणि ते टिकले. पण त्याआधी, २००४ पासून, त्या देशाने आपले नोंदणी खातेच मुळापासून नव्याने उभे केले होते. घर साफ होते, मग कुलूप लावले. होंडुरासने २०१५ मध्ये फॅक्टम कंपनीबरोबर अशीच घोषणा केली आणि वर्ष संपेपर्यंत ते काम थांबले. एस्टोनियाबद्दल तर आपल्याकडे गैरसमजच फार. तिथल्या सरकारी सेवा ज्या कण्यावर चालतात ती एक्स-रोड यंत्रणा २००१ ची आहे आणि ती ब्लॉकचेन नाही. तिथला नागरिक आपली माहिती कोणत्या अधिकाऱ्याने कधी उघडून पाहिली हे स्वतः बघू शकतो, आणि ही नोंदही कोणाला गुपचूप खोडता येऊ नये यासाठी ठशांची साखळी आहे. म्हणजे तिथेही पहारा आहे तो सरकारवर.

महाराष्ट्रातही एक चांगला प्रयोग झाला आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांचे ठसे पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीत टाकण्याचे काम हाती घेतले गेले. दाखला खरा की बनावट, हे महाविद्यालयाला किंवा नोकरी देणाऱ्याला कार्यालयात पत्र न पाठवता पाहता यावे, हा हेतू. पदव्या, दाखले, परवाने यांना हे चपखल लागू पडते, कारण तिथे प्रश्न एवढाच असतो की हा कागद त्या कार्यालयाने दिला का. त्या दाखल्यामागची चौकशी नीट झाली का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो जात पडताळणी समितीसमोरच सुटेल. माडिया आदिवासी मुलाला वाडवडिलांचा १९५० पूर्वीचा महसुली पुरावा मिळत नसेल तर त्याच्या दाखल्याचा ठसा काढायची वेळच येत नाही.

सार्वजनिक साखळीत कोणाचेही नाव, आधार क्रमांक, जात, क्षेत्र असे काहीही लिहिले जाऊ नये, फक्त ठसे जावेत, आणि तेही असे की नाव आणि जन्मतारीख अंदाजाने भरून ते ओळखता येणार नाहीत. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे, पुसण्याच्या बाबतीत सरकारला त्यातून सूट असली तरी. न पुसता येणाऱ्या जागी माहिती ठेवणे म्हणजे त्या हक्कामागचा विचारच पहिल्या दिवशी मोडीत काढणे.

विधी आयोगाने अभ्यास करताना वकिलांशी, निबंधकांशी आणि कंपन्यांशी बोलावेच. त्याबरोबर अपिलात गेलेल्या वारस नोंदींच्या फायली मागवाव्यात, कलम १५५ च्या आदेशांची तपासणी करावी, आणि आवक नोंदवही व निकालाच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. महाराष्ट्र शासनाला अहवालासाठी थांबायचेही कारण नाही. कलम १५५ चे आदेश आणि आवक नोंदी ठशांच्या साखळीत घालणे हे साध्या शासन निर्णयाने होऊ शकते. त्यासाठी संहितेत बदल लागत नाही, विधिमंडळात विधेयक लागत नाही. एक जिल्हा निवडा, येत्या महसूल वर्षात, १ ऑगस्टपासून, तिथे हे सुरू करा, आणि त्या जिल्ह्याचा रोजचा ठसा तिथल्या वर्तमानपत्रात छापा.